बंद ऑफिसचं चालू मीटर: सरकारी इमारतीचं वीजबिल खाली आणायचं तर सुरुवात कुठून करायची

तहसील असो, झेडपीची शाळा असो, ग्रामपंचायत, पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नगरपरिषदेचं वाचनालय असो, तिथं जाऊन म्हणा की लाइटबिल फार येतंय, तर पहिलं उत्तर मिळतं सोलर लावून घ्या आणि दुसरं मिळतं एलईडी लावा. दोन्हीत चूक काही नाही, फक्त ही दोन्ही कामं नंतरची आहेत. मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टची कामं करतो, विदर्भात तालुक्याच्या गावांमधल्या अशा इमारतींचं वायरिंग, मेंटेनन्स, उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरची दुरुस्ती हे सगळं बघतो, आणि दरवेळी एकच गोष्ट दिसते. घरी बिल भरणारा आणि बटण दाबणारा एकाच ताटात जेवतात त्यामुळं बाथरूमचा दिवा राहिला तरी आरडाओरडा होतो. ऑफिसात बिल काढतो अकाउंटचा बाबू, पैसे येतात ग्रँटमधून, बटण दाबतो तिसराच आणि बंद करायचं काम कुणाचंच नसतं. त्यामुळं खाली जे लिहितोय त्यातला निम्मा भाग खरेदीचा नाहीच, आधी शोधायचा आहे.

एक आकडा आधी डोक्यात ठेवा. वर्षाचे तास ८७६०. राज्य सरकारच्या ऑफिसांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा, सणवार वजा केले तर ऑफिस उघडं असतं वर्षाला २००० ते २१०० तास. राहिलेले ६७०० तास कुलूप. म्हणजे वर्षातला पाऊण वेळ इमारत रिकामी असते, आणि मीटर काही कुलूप बघून थांबत नाही.

पहिलं काम: बिलं काढून टेबलावर मांडा

मागच्या १२ महिन्यांची बिलं लागतात. फायलीत ८ सापडतील, बाकीची महावितरणच्या साइटवर ग्राहक क्रमांक टाकून काढा. आणि फक्त खालची रक्कम बघू नका, बिलावर वाचायला बरंच असतं.

एका ऑफिसच्या नावावर किती मीटर आहेत ते आधी बघा. हमखास तीन-चार निघतात. मागचं पडकं क्वार्टर, बंद पडलेली बोअर, जुनी इमारत जिथं आता फक्त कबुतरं राहतात. वापर शून्य पण स्थिर आकार दर महिन्याला चालूच. लागत नसेल तर अर्ज द्या आणि पीडी करून घ्या, कायमचं बंद. एक रुपया न घालता होणारी ही बचत आहे.

मग टॅरिफ, म्हणजे दराचा वर्ग बघा. सरकारी किंवा झेडपी-नगरपालिकेची शाळा, दवाखाना आणि वाचनालय एलटी (लो टेन्शन) ७ अ मध्ये येतं, सरकारी ऑफिसं वगैरे एलटी ७ ब मध्ये. बिलावर एलटी २ म्हणजे कमर्शियल दिसलं तर कुणीतरी कधीतरी चुकीचा फॉर्म भरलाय असं समजा आणि दुरुस्तीचा अर्ज टाका. असं होतं, विशेषतः भाड्याच्या गाळ्यातून नवीन इमारतीत आलेल्या ऑफिसांचं.

तिसरं, उशिराचा आकार. बिल मुदतीत भरलं नाही की १.२५ टक्के लागतो, थकलं तर वर व्याज. उलट ७ दिवसांच्या आत भरलं तर १ टक्का सूट असते. ग्रँट उशिरा येते हे मान्य आहे पण कधी कधी ग्रँट आलेली असते आणि बिलच टपालाच्या गठ्ठ्यात पडलेलं असतं, त्याला काय म्हणायचं. मोबाईल नंबर रजिस्टर करा, एसएमएस येतो. पण नंबर चार वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या साहेबांचा असेल तर त्यांनाच येत राहतो, हेही बघितलंय.

मंजूर भार २० किलोवॉटच्या वर असेल तर अजून एक भानगड आहे. २०२० पासून अशा एलटी ग्राहकांचं बिल केव्हीएएच वर निघतं. साध्या भाषेत, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) खराब असेल तर तेवढेच पंखे-लाइट चालवून जास्त युनिट पडतात. खरा वापर १००० युनिट आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर बिलावर १२५० येणार, तोच ०.९८ वर आणला तर १०२० च्या आसपास. त्यासाठी कपॅसिटरचं पॅनेल असतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते बसवलेलंही असतं, फक्त कपॅसिटर फुगून मेलेले असतात आणि पॅनेलच्या दारावर हार घातलेला असतो दसऱ्याचा. मेंटेनन्सवाल्याला टाँगटेस्टर (करंट मोजायचा चिमटा) घेऊन प्रत्येक कपॅसिटर करंट घेतोय का ते बघायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं काम: शुक्रवार ते सोमवार

हे माझं सगळ्यात आवडतं आणि याला मीटर वाचता येणं सोडून काही लागत नाही. शुक्रवारी शेवटचा माणूस गेला की मीटरचा फोटो काढा, सोमवारी पहिला माणूस यायच्या आधी परत काढा. दोन रीडिंगमधला फरक म्हणजे कोणी नसताना खाल्लेली वीज.

एका तालुक्याच्या ऑफिसात हे केलं होतं, नाव नको. शुक्रवारी साडेसहा ते सोमवारी साडेनऊ, ६३ तास. फरक निघाला ९४ युनिट. मोठे साहेब म्हणाले मीटर फास्ट आहे. मीटर बरोबर होतं. ९४ ला ६३ नं भागा, दीड किलोवॉट सरासरी, कुलूपबंद ऑफिसात. वर्षाच्या ६७०० रिकाम्या तासांना गुणलं की १० हजार युनिट होतात, हिशोबाला सोपा म्हणून १० रुपये दर धरला तर लाख रुपये.

एवढे तीन दिवस थांबायचं नसेल तर मीटरवरचा लाल दिवा मोजा. मीटरवर लिहिलेलं असतं ३२०० इम्पल्स किंवा १६०० असं काहीतरी, म्हणजे तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की १ युनिट. ३२०० चा मीटर असेल आणि मिनिटाला ८० वेळा लुकलुकत असेल तर ८० गुणिले ६० भागिले ३२००, दीड किलोवॉट. सीटी, म्हणजे करंट कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर, लावलेलं मोठं मीटर असेल तर बिलावरच्या गुणांकानं, म्हणजे एमएफनं, गुणायला विसरू नका. नवीन स्मार्ट मीटर असेल तर रोजचा वापर मोबाईलवर बघता येतो, मग तर कारणच उरत नाही.

आता हे दीड किलोवॉट गेलं कुठं? रात्री ऑफिसला कुलूप लागल्यावर वायरमन, मी आणि तिथले शिपाई काका टॉर्च घेऊन फिरलो. डीबी, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीतले एमसीबी (खटके) एक एक करून पाडायचे आणि बाहेर मीटरच्या दिव्याचा वेग किती कमी झाला ते मोजायचं, असं. (डीबीचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, उत्साहाच्या भरात झाकण उघडून बोटं घालू नका, आणि एमसीबी पाडायच्या आधी सर्व्हर चालू आहे का, लसींचा फ्रिज कुठल्या लाइनवर आहे ते विचारा. पीएचसीत हा प्रकार करायचा तर लसींच्या फ्रिजच्या लाइनला हातच लावायचा नाही.)

निघालं ते असं. आवारातले दोन दिवे, लोक हॅलोजन म्हणतात पण असतात मेटल हॅलाइड, १५० वॉटचे, चोक धरून दोघांचे ३४० वॉट, टायमर बिघडल्यामुळं दिवसरात्र चालू, दिवसा उन्हात कुणाला दिसतच नव्हते. पॅसेजमधला वॉटर कूलर, रात्रभर थंड पाणी करून ठेवत होता, सरासरी २५० वॉट. यूपीएस, बॅटऱ्या मेलेल्या म्हणून चार्जिंग कधी पूर्णच होत नव्हतं, ३०० वॉट. शटडाऊन न केलेले कॉम्प्युटर, फक्त मॉनिटर बंद करून गेलेले, ३५० च्या आसपास. सीसीटीव्ही आणि राउटर ७०, हे चालूच पाहिजेत. आणि उरलेले दोनशे वॉट कुठं जातात ते सापडेना. वर टाकीजवळ गेलो तर पाण्याचा पंप दर थोड्या वेळानं आपोआप सुरू होत होता. खाली बायकांच्या टॉयलेटमध्ये फ्लश गळत होता, टाकी उतरत होती, लेव्हल कंट्रोलर पंप चालू करत होता, असं रात्रभर. वीज गळत होती नळातून.

पॅसेजच्या बोर्डावर एक बटण होतं, वर लाल पेंट लावलेलं. मी काकांना विचारलं हे कशाचं. म्हणाले, "भाऊ, ते कायचं हाय कोनालेच मालूम नाही, म्हणून कोनी बंद करत नाही." दाबलं तर जुन्या रेकॉर्ड रूममधल्या एक्झॉस्ट फॅनचा करंट बंद झाला, ती खोली दोन वर्षं उघडलेली नव्हती. तो फॅन आधी कधीतरी जाम होऊन बसला होता, नुसता करंट खात होता, आग लागली नाही हे नशीब.

तर प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक बटणावर नाव लिहा. पेंटरकडून, मार्कर पेननं, कसंही. "खिडकीकडची लाइन", "बाहेरचा दिवा", "एक्झॉस्ट". ज्या बटणाचं नाव नाही ते बटण कायम चालू राहतं.

कपाटं हलवा, मग लाइटबद्दल बोलू

सरकारी ऑफिसातल्या खिडक्या कुठं असतात? गोदरेज कपाटांच्या मागं. कपाटावर गठ्ठे, गठ्ठ्यांवर लाल कापड, त्याच्या वरून जेमतेम वीतभर उजेड येतो आणि त्यामुळं सकाळी अकराला ट्यूबा लागतात. जुन्या इमारती बांधणाऱ्यांनी उंच छत, व्हरांडा, वर झरोके ठेवले होते ते उगाच नाही. मग एसी आला, फॉल्स सीलिंग लागलं, झरोके गेले, व्हरांड्याला ॲल्युमिनियमचं पार्टिशन मारून केबिन झाली, आणि आता आपण विचारतो की इमारत तापते का.

रेकॉर्डचं अबकड वर्गीकरण करून मुदत संपलेले ड चे गठ्ठे नियमाप्रमाणं नष्ट करा, कपाटं आतल्या भिंतीला सरकवा, खिडक्यांच्या काचा धुवा, भिंतीला पांढरा किंवा फिका रंग द्या. टेबलावर लिहा-वाचायला ३०० लक्सच्या आसपास उजेड लागतो, पॅसेजला १०० पुरतो. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अचूक नसतं पण अंदाजाला चालतं. मोजल्यावर लक्षात येतं की खिडकीजवळ दुपारी ट्यूबेची गरजच नाही आणि पॅसेजमध्ये टेबलापेक्षा जास्त लखलखाट आहे.

इथं वायरिंगची एक सुधारणा आहे जी मी प्रत्येक ठिकाणी सुचवतो आणि जिला खर्च फार नाही. जुन्या हॉलमध्ये एका बटणावर सहा-आठ ट्यूबा असतात, खिडकीकडच्या आणि आतल्या एकत्र, त्यामुळं आतल्या टेबलाला उजेड पाहिजे म्हणून खिडकीकडच्याही जळतात. खिडकीला समांतर ओळी करा आणि प्रत्येक ओळीला वेगळं बटण द्या. नवीन वायरिंग काढत असाल तर हे ड्रॉइंगमध्येच लिहून घ्या, नंतर भिंत फोडायला लागते.

आता एलईडी. जुनी ट्यूब तांब्याच्या चोकसकट ५० वॉटच्या वर खाते, एलईडी पट्टी २० वॉटमध्ये तेवढाच उजेड देते. रोज ८ तास, २४० दिवस धरलं तर एका पट्टीमागं वर्षाला ६० युनिट वाचतात, पट्टीची किंमत वर्षाच्या आत निघते. त्यामुळं इथं विचार करत बसायचं कारण नाही. फक्त दोन गोष्टी. जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब घालत असाल तर चोक आणि स्टार्टर काढून डायरेक्ट जोडणी करून घ्या, नाहीतर चोक आपला वाटा खातच राहतो. आणि जितक्या ट्यूबा होत्या तितक्याच पट्ट्या लावू नका, कपाटं हलल्यावर बऱ्याचदा दोन कमीच लागतात.

पंखे: सगळे एकदम बदलू नका

साधा सीलिंग फॅन ७५ वॉट, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा कमी वीज खाणारा पंखा, ३० च्या आसपास. ४५ वॉटचा फरक ऐकायला भारी वाटतो म्हणून लोक ८० पंख्यांचा प्रस्ताव पाठवतात. पण हिशोब तासांवर होतो. ऑफिसातला पंखा ८ तास, वर्षाचे २०० दिवस चालला तर ७२ युनिट वाचले, ७२० रुपये, अडीच-तीन हजारांचा पंखा वसूल व्हायला चार वर्षं. तोच पंखा पीएचसीच्या वॉर्डात, मुलांच्या वसतिगृहात किंवा पोलीस स्टेशनात लावा जिथं तो दिवसाला २० तास, ३०० दिवस फिरतो, तर २७० युनिट वाचतात, वर्षात पैसे परत. म्हणजे आधी जिथं तास जास्त तिथं, मीटिंग हॉल सगळ्यात शेवटी. मीटिंग हॉलमध्ये महिन्याला चार मीटिंगा, तिथला पंखा बदलून कुणाचं भलं होणार आहे.

जुना पेटीसारखा रेग्युलेटर असेल, तो गरम होणारा, तर तो आधी काढा. पंखा हळू केला की उरलेली वीज तो उष्णता करून सोडतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर स्वस्त आहे. बीएलडीसीला मात्र वेगळा रेग्युलेटर लावायचा नाही, त्याला रिमोट असतो, आणि रिमोट हरवतो. भिंतीवरच्या बटणानंही वेग बदलता येतो असं मॉडेल मागा. सीलिंग फॅनवर आता स्टार लेबल सक्तीचं आहे, जानेवारी २०२३ पासून, त्यामुळं ५ स्टार लिहूनच मागवा.

वरून येणारा ताप

मे महिन्यात संध्याकाळी सातला वरच्या मजल्यावर स्लॅबला खालून हात लावून बघा. दिवसभराचं ऊन पोटात घेतलेला असतो तो, रात्रभर सोडत बसतो. कूलर-एसी निम्मा वेळ त्या स्लॅबशी भांडतात.

स्लॅब पांढरा करा. पण आधी गळती बघा, कारण गळक्या स्लॅबवर रंग मारला तर पहिल्या पावसात रंगही जातो आणि पैसेही. स्वस्तातला उपाय चुना, त्यात थोडा डिंक किंवा पांढरा गम घालून दोन हात, मार्चमध्ये, आणि पावसात धुऊन जाईल हे गृहीत धरून दरवर्षी. मधला उपाय कूल रूफ पेंट, डब्यावर एसआरआय (ऊन परत फेकण्याचा) आकडा लिहिलेला असतो तो जितका जास्त तितकं बरं. टिकाऊ उपाय म्हणजे पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक, वॉटरप्रूफिंगही होतं आणि ऊनही परत जातं, दुरुस्तीचं एस्टिमेट करायचंच असेल तर हे त्यात बसवून घ्या. काहीही केलं तरी धूळ बसली की पांढरेपणा गेला, उन्हाळ्याआधी एकदा झाडून घ्यायला लागतं.

पत्र्याच्या शाळेत हे अजून महत्त्वाचं. वरून पांढरा पेंट, खालून सीलिंग आणि दोन्हींच्या मध्ये हवा खेळायला टोकांना जाळी. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किंवा बांबूची ताटी. आतून पडदा लावून फार उपयोग नाही कारण काचेतून ऊन आत आलेलंच असतं, अडवायचं ते बाहेर.

कूलर आणि एसी

आमच्याकडं उन्हाळा कोरडा, त्यामुळं कूलरसारखं दुसरं काही नाही. मोठा कूलर २०० वॉटच्या आत-बाहेर खातो, दीड टनाचा जुना विंडो एसी १८०० च्या आसपास. कोकणात किंवा मुंबईत कूलर घामच काढेल, ते सोडा, पण नागपूर-अकोल्यात जूनपर्यंत कूलर हाच पहिला पर्याय.

फक्त लोक कूलर लावतात आणि दारं-खिडक्या बंद करतात, एसीसारखी. मग खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि "कूलर काम करत नाही, एसी पाहिजे" असा अर्ज जातो. कूलरची हवा आत आली तेवढी बाहेर जायला पाहिजे, समोरची खिडकी उघडी ठेवा. ताट्यांमध्ये क्षार जमलेला असेल तर पाणी खाली नीट उतरत नाही, दरवर्षी ताट्या बदला नाहीतर हनीकोंब पॅड लावा. पंपाची जाळी आठवड्याला साफ. मागचा भाग उन्हात नको. एवढं केलं की निम्म्या तक्रारी गेल्या.

एसी असेलच तर २४ वर. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं म्हणणं एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून स्टार लेबलचे नवीन रूम एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतात. मग कुणीतरी रिमोट घेतो आणि १८ करतो. १८ केलं म्हणून खोली लवकर थंड होते असं साध्या एसीत काही नसतं, कॉम्प्रेसर तेवढ्याच जोरानं चालतो, फक्त थांबत नाही. २४ ठेवा आणि पंखा एक नंबरवर फिरवा. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, दाराला डोअर क्लोजर लावा, बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उघडं असेल तर वर छोटं शेड करा पण समोरून हवा कोंडू नका.

आता इथली खरी मेख. साहेबांच्या केबिनला नवीन ५ स्टार इन्व्हर्टर एसी आला. जुना एसी कुठं गेला? भंगारात नाही गेला, कारण निर्लेखनाची, म्हणजे जुनी वस्तू नोंदीतून काढायची, फाइल कोण करणार, तो गेला शेजारच्या केबिनमध्ये जिथं आधी एसी नव्हताच. कागदावर "ऊर्जा कार्यक्षम उपकरण बसवले", बिलावर वाढ. म्हणून नवीन खरेदीच्या प्रस्तावातच जुन्याचं निर्लेखन आणि बायबॅक किंवा ई-कचऱ्याची विल्हेवाट लिहा, नवीन बसेल त्याच दिवशी जुना गेटबाहेर. पंखे आणि ट्यूबांचंही तेच.

खरेदी

सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नुसतं "एलईडी ट्यूब २० वॉट" टाकलं की एल-१ ला, म्हणजे सगळ्यात कमी दरात, जे येतं ते सहा महिन्यांत मिणमिणायला लागतं. स्पेसिफिकेशन नीट लिहा: वॉटमागं किमान १०० लुमेन, बीआयएस नोंदणी, स्टार लेबल, व्होल्टेजचे झटके सहन करणारा ड्रायव्हर, आणि जागेवर येऊन बदलून द्यायची तीन वर्षांची वॉरंटी. जागेवर हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर ट्यूब कुरिअर करायची जबाबदारी तुमच्यावर. शिवाय मार्च एन्डला घाईत खरेदी केली की यातलं काही लिहायला वेळच मिळत नाही, त्यामुळं शोधाशोध दिवाळीच्या आधी उरका, एस्टिमेट आणि तांत्रिक मान्यता डिसेंबरपर्यंत.

मोठी इमारत असेल, जिल्हा रुग्णालय किंवा प्रशासकीय भवन, तर एनर्जी ऑडिट करून घ्या. महाऊर्जाच्या, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या, यादीत ऑडिटर असतात. बांधकाम विभागाची विद्युत शाखा सोबत ठेवा, शेवटी काम त्यांच्याच सहीनं होणार. ऑडिटरला तुमचे शुक्रवार-सोमवारचे आकडे द्या, नाहीतर रिपोर्टमध्ये छापील सल्ले येतात. आणि स्वतःसाठी एक आकडा काढून ठेवा, वर्षाची युनिटं भागिले इमारतीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, याला ईपीआय म्हणतात, ब्युरोची ऑफिस इमारतींची स्टार रेटिंग याच्यावरच आहे. दुसऱ्या ऑफिसशी नाही जमलं तरी आपल्याच मागच्या वर्षाशी तुलना होते.

सोलर आता

१ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा, आणि आपल्याकडं दिवसाला सरासरी ४ युनिट. ऑफिस दिवसा चालतं, पॅनेल दिवसा चालतं, जोडी चांगली आहे, शनिवार-रविवारची वीज नेट मीटरिंगमधून ग्रिडवर जाते आणि बिलातून वजा होते. पण वरच्या ऑफिसचं बघा. रिकाम्या वेळेत वर्षाला १० हजार युनिट जात होते. तेवढे बनवायला ७ किलोवॉट सोलर लागलं असतं, म्हणजे ७०० चौरस फूट छत भरून पॅनेल, फक्त बंद ऑफिसातला वॉटर कूलर आणि गळका फ्लश चालवायला. म्हणून आधी वापर खाली आणा, सहा महिने बिल बघा, मग साइज ठरवा. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग त्याआधीच, नंतर पॅनेल काढून करायला कोणी येत नाही. आणि टेंडरमध्ये पॅनेल धुण्याचं काम कोणाचं, पाण्याचा नळ गच्चीवर आहे का, हे लिहा. गच्चीवर कबुतरं आणि खाली धुळीचा रस्ता असेल तर हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो.

टायमरची गोष्ट आणि रजिस्टर

त्या ऑफिसात आम्ही फार काही केलं नाही. फ्लश दुरुस्त, यूपीएसच्या बॅटऱ्या नवीन, आवारात ५० वॉटचे दोन एलईडी, वॉटर कूलरला आणि बाहेरच्या दिव्यांना टायमर, बटणांवर नावं, आणि संध्याकाळी कॉम्प्युटर शटडाऊन करून बोर्डावरचं मेन बटण बंद. पुढच्या महिन्यातला शुक्रवार-सोमवार १४ युनिटवर आला.

पाचेक महिन्यांनी परत बघितलं तर ४१. झालं असं की मी काटकसर करून साधे बिनबॅटरीचे टायमर लावले होते. लाइट दोन तास गेली की असा टायमर दोन तास मागं पडतो. उन्हाळ्यात चार वेळा लाइट गेली, टायमर दिवसाच दिवे लावायला लागला आणि सकाळी अकराला पाणी गरम, मग कुणीतरी वैतागून दोन्हींचा खटका मॅन्युअल चालूवर टाकून दिला. चूक माझीच. टायमर घ्यायचा तर बॅटरी बॅकअपचा, आणि बाहेरच्या दिव्यांना त्यापेक्षा उजेडावर चालणारा फोटोसेल बरा.

पण ४१ झालं हे कळलं तरी कसं, तर रजिस्टरमुळं. मीटरच्या पेटीजवळ दोरीनं बांधलेली शंभर पानी वही. तीनच रकाने: तारीख-वेळ, रीडिंग, सही. शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी. हे काम साहेबांकडं देऊ नका, साहेबांची बदली होते. कुलूप ज्याच्या हातात आहे त्याच्याकडं द्या, आणि मासिक बैठकीत बिलासोबत ही वही समोर ठेवायची असं एकदा कार्यालयीन आदेशात घालून घ्या. काकांनी त्यात चौथा रकाना आपणहून घातलाय, "काय चालू राह्यलं होतं". मागच्या पानावर त्यात लिहिलंय: सभागृहाचे दोन कूलर, रात्रभर.